भूकंप का होतो, आणि पाऊस-उकाड्याचा त्याच्याशी काही संबंध असतो का? सतत येणारे प्रश्न

मी फोंड्याला राहतो, शाळेत भूगोल शिकवतो. कुठे भूकंप झाला की दोन दिवस फोन थांबत नाही. विद्यार्थी, त्यांचे पालक, आमच्या वाड्यावरचे लोक, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदा बसून सगळे लिहून काढले. आधी सोपे, मग चकवणारे. जिथे उत्तर आधीच दिलंय तिथे नुसता प्रश्नाचा नंबर दिलाय.

1. सर, भूकंपात नक्की होतं काय? जमीन हलते म्हणजे काय हलतं?

जुलैत आपलं जुनं लाकडी दार कसं फुगून चौकटीत अडकतं ते आठवा. ढकलताय, ढकलताय, हलत नाही, अजून जोर लावला की एकदम धाडकन सुटतं आणि अख्खी चौकट थरथरते, वरचा कॅलेंडरसुद्धा हलतो. बस्स, भूकंप म्हणजे हेच, फक्त दाराच्या जागी कित्येक किलोमीटर लांबीचा खडक आणि तुमच्या हाताच्या जागी पृथ्वीचा जोर. जमिनीखाली खडकांत मोठ्या भेगा असतात, त्याला भ्रंश म्हणतात. त्याच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकायला बघतात, पण घर्षणाने अडकून बसतात. वर्षानुवर्षं ताण साठत जातो, खडक किंचित वाकतो, आणि एक दिवस पकड सुटते. सुटताना ज्या लाटा निघतात त्या वर पोचल्या की आपल्याला धक्का जाणवतो. 1906 च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी रीड या शास्त्रज्ञाने कुंपणं आणि रस्ते किती सरकले ते मोजून हे पहिल्यांदा नीट मांडलं.

2. पण हा जोर लावतं कोण?

पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते हलत असतात. आपला भारतीय तुकडा वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतोय. हिशोब करा, 1961 मध्ये गोवा मुक्त झाला त्या दिवसापासून आजपर्यंत मांडवी, जुवारी, मंगेशीचं देऊळ, म्हापशाचा बाजार, सगळं मिळून तीन मीटर उत्तरेला गेलंय. समोर आशियाचा तुकडा, तो काही बाजूला होत नाही, म्हणून हिमालय उभा राहिला आणि म्हणून तिथे मोठे भूकंप होतात.

3. हिमालय कुठे, आपण कुठे! मग किल्लारीला कसा झाला? गोव्यात होऊ शकतो का?

रेटा सगळ्या तुकड्याला बसतो, फक्त कडेला नाही. मधल्या भागात जुन्या, कोट्यवधी वर्षांच्या भेगा आहेत, त्यातली एखादी फार हळू ताण साठवत राहते. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झाला, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जनाहून दमून आलेली माणसं झोपली होती. तीव्रता 6.2, म्हणजे जगाच्या हिशोबात फार मोठा नाही, पण अगदी उथळ, आणि दगड-मातीची जड घरं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

गोव्याखालचा खडक देशातल्या सगळ्यात जुन्या खडकांपैकी, तीन अब्ज वर्षांच्या पुढचा, वरती आपला चिरा म्हणजे जांभा दगड. 2002 च्या भारतीय मानकाच्या नकाशात आपण झोन 3 मध्ये होतो, मध्यम धोका, कोयना झोन 4, कच्छ झोन 5. म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण 'गोव्यात भूकंप होतच नाही' असं बिल्डर सांगतो ते पण ऐकायचं नाही. विशेषतः खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल चिखलाच्या जमिनीत, भराव टाकून बिल्डिंग उभी केली असेल तर. मऊ चिखलात लाटा मोठ्या होतात, कातळावरच्या घराला नुसता हिसका बसेल तिथे भरावावरचं घर चांगलंच झुलेल.

4. उकाडा खूप वाढला की भूकंप होतो म्हणतात. खरं का?

हा नंबर एकचा प्रश्न, दर मे महिन्यात येतोच. उत्तर: नाही.

विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं ना? ते पाणी बदलत नाही हो, तुमचं अंग बदललेलं असतं. दहा-पंधरा मीटर खाली गेलं की वर्षभर तापमान जवळपास सारखं. वरचा उकाडा तिथपर्यंतसुद्धा पोचत नाही. भूकंप सुरू होतो पाच किलोमीटर, दहा किलोमीटर, कधी त्याहून कितीतरी खाली. तिथे खडक आधीच शंभर अंशाच्या वर तापलेला असतो, त्याला आपल्या 35 डिग्रीचं काय कौतुक!

तारखा बघा. भुज 26 जानेवारी 2001, सकाळी पावणेनऊ, थंडी. कोयना 11 डिसेंबर 1967, पहाट. आसामचा महाभूकंप 15 ऑगस्ट 1950, भर पावसाळा. नेपाळ 25 एप्रिल 2015, भर दुपार. शिलाँग 12 जून 1897. आता यातून कुठला ऋतू काढणार?

मग लोकांना का वाटतं? कारण उकाडा असताना भूकंप झाला की तो लक्षात राहतो, आणि उकाडा असून काहीच झालं नाही ते हजार दिवस कोणी मोजत नाही. हवेचा भूकंपाशी संबंध जोडायची ही समजूत पण आजची नाही. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटल म्हणायचा की जमिनीखाली कोंडलेला वारा बाहेर पडायला धडपडतो. आपल्याकडे वराहमिहिराने बृहत्संहितेत वेगवेगळ्या ऋषींची मतं दिलीत, कोणी म्हणतो समुद्रातले महाकाय प्राणी, कोणी म्हणतो भार वाहून दमलेले दिग्गज म्हणजे दिशांचे हत्ती, आणि कोणी म्हणतो वाऱ्यांची टक्कर. वारा तिथेही आहेच. माझी आजी मात्र शेषाने फणा बदलला एवढ्यावर विषय संपवायची.

5. तौक्ते चक्रीवादळ आलं त्याच वेळी गुजरातमध्ये भूकंप झाला होता. मग वादळाने भूकंप होतो की नाही?

चांगला प्रश्न, कारण घटना खरी आहे. 16 मे 2021 ला तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, माड आडवे झाले, आमच्याकडे लाइट किती दिवस नव्हती ते विचारू नका, आणि 17 तारखेच्या पहाटे, वादळ गुजरातला लागायच्या आधी, सौराष्ट्राकडे धक्का बसला. झालं, फॉरवर्ड सुरू.

आता गणित. जोरदार वादळात हवेचा दाब समजा 50 हेक्टोपास्कलने उतरतो. दाबाच्या भाषेत हे म्हणजे जमिनीवरून अर्धा मीटर पाण्याचा थर उचलून घेतल्यासारखं. भूकंपात भेगेवरचा जो ताण सुटतो तो याच्या शेकडो पट असतो. त्यात अजून एक गंमत, समुद्रावर दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की तिथलं पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं, म्हणजे हवा हलकी झाली तेवढं पाणी जड झालं, तळाला फारसं काही कळतच नाही. आणि सौराष्ट्रात, तालाला-गीर भागात, वादळ नसतानाही लहान-मध्यम धक्के येत असतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ, दुसरं काही नाही.

तरी पूर्ण खरं सांगायचं तर एक अपवाद चर्चेत आहे. तैवानमध्ये टायफूनच्या वेळी 'मंद भूकंप' सुरू होतात असा शोधनिबंध 2009 मध्ये आला. मंद म्हणजे भेग तासन्‌तास हळूहळू सरकते, कोणाला जाणवत पण नाही. पुढे इतरांनी शंका काढली की उपकरणांवर दिसलं ते वादळातल्या पावसाच्या पाण्याचंच वजन होतं. म्हणजे बघा, शेवटी गाडी हवेवरून पाण्यावरच आली, आणि माझं म्हणणं तेच आहे, हवेला विसरा, पाण्याकडे बघा. पुढचे दोन प्रश्न त्यावरच.

6. म्हणजे पावसाने भूकंप होतो?

पाऊस भूकंप तयार करत नाही. पण जी भेग आधीच सुटायच्या बेतात आहे तिला पाणी कधीकधी थोडं आधी सोडवतं. दाराच्या भाषेत, ढकलणारा वेगळाच आहे, पाणी फक्त चौकट जरा फाकवतं. बरेचजण म्हणतात पाणी वंगणासारखं काम करतं, तसं नाही. भेगेत शिरलेल्या पाण्याचा दाब दोन्ही बाजूंना बाहेर ढकलतो, त्यामुळे एकमेकींवरची पकड सैल होते.

जर्मनीत बव्हेरियामध्ये हॉखश्टाउफेन नावाचा डोंगर आहे, तिथे 2002 मध्ये मुसळधार पावसानंतर काही दिवसांनी बारीक धक्क्यांची मालिका नोंदली गेली. पाणी मुरत खाली जायला जेवढा वेळ लागला तेवढ्या उशिराने. धक्के एवढे लहान की बहुतेक फक्त यंत्रालाच कळले. नेपाळमध्ये उलटं, तिथे लहान भूकंप पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त होतात. गंगेच्या मैदानात पावसाळ्यात एवढं पाणी साठतं की त्याच्या वजनाने सगळा तुकडा किंचित दबतो, पाणी ओसरलं की परत वर येतो, आणि त्या दाबण्या-सोडण्याचा परिणाम हिमालयाखालच्या भेगेपर्यंत जातो असं स्पष्टीकरण दिलं जातं. हे सगळं बारीक धक्क्यांच्या संख्येत दिसतं. मोठे कधी होणार ते यावरून कळत नाही, नेपाळचा 2015 चा एप्रिलमध्ये झालाच की.

आपल्या जवळचं उदाहरण पालघर-डहाणू. नोव्हेंबर 2018 पासून तिथे महिनोन्‌महिने धक्के येत राहिले, लोक थंडीत तंबूत झोपत होते. पावसाळ्यात मुरलेलं पाणी त्याला कारण असावं असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत आहे.

7. कोयनेचा भूकंप धरणामुळे झाला हे खरं का अफवा?

अफवा नाही. जगभरात धरणामुळे झालेल्या भूकंपाचं उदाहरण द्यायचं झालं की पहिलं नाव कोयनेचंच येतं.

धरण 103 मीटर उंच. 1962 च्या सुमाराला पाणी अडवायला लागले आणि थोड्याच दिवसांत लोकांना खालून गुरगुर ऐकू यायला लागली, लहान धक्के सुरू झाले. मग 11 डिसेंबर 1967 ला पहाटे सव्वाचारनंतर 6.3 चा मोठा धक्का, कोयनानगर कोसळलं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. गोव्यातही जाणवला. माझी आई सांगायची की कोंबडा आरवायच्याही आधी जाग आली ती शिंकाळ्याच्या आवाजाने, स्वयंपाकघरात शिंकाळ्यावर ताकाचं मडकं होतं ते वारा नसताना झुलत होतं आणि मडक्याचा काठ खांबाला टक टक लागत होता. वडलांना वाटलं मांजर. मांजर तर त्यांच्याच पायाशी झोपलेलं.

यातही ताण धरणाने आणला नव्हता, तो आधीपासून होता (प्रश्न 2 आणि 3). धरणाने दोन गोष्टी केल्या, वजन टाकलं आणि पाणी भेगांतून खाली ढकललं. शेजारच्या वारणा धरणात पाणी भरल्यावर 1993 च्या आसपास धक्के दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूला पसरले. इतकी वर्षं झाली तरी त्या छोट्याशा पट्ट्यात धक्के थांबलेले नाहीत, आणि पावसाळ्यात जलाशय भरला की पुढच्या काही महिन्यांत त्यांची संख्या वाढते. म्हणून तिथे 3 किलोमीटर खोल बोअर मारून अभ्यास सुरू केलाय. सव्वा किलोमीटर काळा बेसाल्ट लागला, त्याच्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक.

तेव्हा कोणी विचारलं की पावसाचा भूकंपाशी संबंध आहे का, तर माझं उत्तर असतं, कोयनेला आहे, पण तो आकाशातून नाही, धरणातून.

8. मग साळावली, अंजुणे, तिळारीचं काय? तिथे पण होणार?

नुसतं धरण असून भागत नाही. उंची लागते, पाण्याचा साठा लागतो, आणि मुख्य म्हणजे खाली ताणलेली भेग लागते. जगात हजारो धरणं आहेत, भूकंप झाले ते मोजक्याच ठिकाणी. साळावली साधारण 43 मीटर, कोयनेच्या निम्म्याहून कमी. पाणी 103 मीटर असेल तर तळाशी साधारण 10 लाख पास्कलचा जादा दाब येतो, 43 मीटरला सव्वाचार लाख. धरणाच्या मजबुतीचा हिशोब तर वेगळाच असतो, तो झोन बघून करतात.

9. दुपारी घर हादरलं, खिडकीच्या काचा वाजल्या. भूकंप होता का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे खडीच्या क्वारीत सुरुंग लावतात, परतीच्या पावसात अगदी डोक्यावर वीज कडाडते, विमान आवाजाचा वेग ओलांडून गेलं तरी काचा वाजतात. या सगळ्यांत एकच 'धाड्' येतो आणि संपतो, आणि तो हवेतून येतो म्हणून काचा जास्त वाजतात, लादी कमी हलते.

लांबच्या भूकंपात आधी बारीक थरथर येते, मग थांबून मोठा झोका. पहिली लाट सेकंदाला साधारण 6 किलोमीटरने येते, दुसरी साडेतीनने. कोयना पणजीपासून सरळ रेषेत दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे दोन लाटांमध्ये 25 सेकंदांच्या आसपास अंतर पडणार. टांगलेल्या गोष्टी बघा. चवथीचे दिवस असतील तर गणपतीवर टांगतो त्या माटोळीसारखं यंत्र नाही, नारळ-सुपारीचे घड, तोरिंगं, एवढं वजन वरून लटकलेलं, वाऱ्याने ती हलत नाही पण जमीन हलली तर झुलणार. खात्री करायची असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं ॲप आहे, 'भूकंप' नावाचं, तिथे थोड्या मिनिटांत नोंद येते. तिथे नाही म्हणजे क्वारीवाल्याला फोन करा.

10. ढगांचे पट्टे दिसले, कुत्रे रडत होते, कावळे ओरडत होते...

ढगांचंही प्रश्न 4 मधल्या उकाड्यासारखंच. कुत्र्यांना भूकंपाची पहिली बारीक लाट आपल्या आधी जाणवू शकते, म्हणजे काही सेकंद. आदल्या रात्री रडले त्याचं कारण वाड्यावर शोधा.

11. अमावास्या-पौर्णिमेला जास्त होतात ना?

इथे मी सरळ नाही म्हणत नाही. चंद्र-सूर्य जसं समुद्राला उधाण आणतात तसं घट्ट जमिनीलाही थोडं उचलतात, तीसेक सेंटिमीटर, आपल्याला कळत नाही कारण आपण सगळे एकत्रच वर जातो. काही अभ्यासांत किंचित संबंध दिसलाय, पण इतका किंचित की त्यावरून तारीख काढणं म्हणजे भरतीचं कोष्टक बघून लॉटरीचं तिकीट घेण्यासारखं. रोज दोनदा भरती-ओहोटी होते आणि रोज मोठा भूकंप होत नाही.

12. पावसाळ्यात समुद्र एवढा आपटतो, त्याने जमीन हलत नाही?

हलते! आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. मोठ्या लाटा एकमेकींवर आदळून समुद्राच्या तळावर ठोके देतात आणि जमिनीत एक सतत बारीक थरथर पसरते. दर चार-आठ सेकंदांनी एक हेलकावा. भूकंपमापकाच्या रेषेत जून ते सप्टेंबर ती जाड झालेली दिसते, वादळ आलं की अजून जाड. हवामानाने खरोखर जमीन हलते ती अशी. पण हा भूकंप नाही, यात कुठलीच भेग सुटत नाही, बसून चहा पिताना कपातली साय पण हलणार नाही.

13. क्लायमेट चेंजमुळे भूकंप वाढले का?

बातम्या वाढल्यात. जगात वर्षाला 7 च्या वरचे सरासरी पंधराएक होतात, कधी कमी कधी जास्त, वर्षानुवर्षं हेच. बर्फाचे किलोमीटरभर जाड थर वितळले तर जमीन वर उठते आणि भेगा सुटतात हे खरं आहे, उत्तर स्वीडनमध्ये हिमयुग संपताना असे मोठे भूकंप झाल्याच्या खुणा आहेत, पण ते सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी. गोव्याच्या उकाड्याशी त्याचा काही संबंध नाही.

14. पाऊस भूकंप आणत नसला तरी पावसात भूकंप झाला तर?

तर नुकसान वाढतं, नक्की. पाण्याने फुगलेला डोंगर हिसका बसला की खाली येतो. 18 सप्टेंबर 2011 ला सिक्कीमला 6.9 चा झाला तेव्हा पाऊस चालू होता, दरडींनी रस्ते बंद, मदत पोचेना. आपल्याकडे चोर्ला, अनमोडचा घाट भूकंप नसतानाही पावसात कसा येतो खाली ते बघतोच आपण. वाळू आणि भरावाची जमीन पाण्याने भिजलेली असेल तर हादऱ्यात ती काही क्षण पातळ होते, वरचं बांधकाम कलतं. म्हणून खाजनवाली गोष्ट (प्रश्न 3) पावसाळ्यात दुप्पट लक्षात ठेवायची.

15. हवामान खात्यासारखा भूकंपाचा अंदाज कोणी देऊ शकतं का?

दिवस-वेळ सांगून, नाही. चीनमध्ये 4 फेब्रुवारी 1975 ला हायचेंगचा भूकंप व्हायच्या आधी लोकांना घराबाहेर काढलं होतं, सगळ्या जगाला वाटलं जमलं बुवा. पुढच्या वर्षी 28 जुलैला तांगशानला झाला, काहीच सूचना नाही, अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली. हवामानाचा अंदाज जमतो कारण ढग वरून दिसतात, दाब मोजता येतो. भूकंपाची भेग कोणी बघत नाही. मोबाइलवर जो अलर्ट येतो तो अंदाज नसतो, भूकंप सुरू झाल्यावर पहिली लाट पकडून दुसरीच्या आधी कळवतात (लाटांचा वेग प्रश्न 9 मध्ये).

16. आणि त्सुनामी?

अरबी समुद्रात पाकिस्तानच्या बाजूला मकरानच्या किनाऱ्याजवळ 28 नोव्हेंबर 1945 ला 8.1 चा झाला होता, लाटा मुंबईपर्यंत आल्या. इशारा देण्याचं काम 2007 पासून हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था करते. वादळात येणारं पाणी वेगळं, ते वाऱ्याने आत ढकललेलं असतं, त्याला त्सुनामी म्हणू नका, टीव्हीवाले म्हणाले तरी.

17. भूकंपाच्या दिवशी आमच्या विहिरीचं पाणी गढूळ झालं. आधी झालं की नंतर, आठवत नाही. हे लक्षण असतं का?

हा प्रश्न गेल्या वर्षी वाळपईहून एका आजोबांनी विचारला आणि मला सगळ्यात आवडला, कारण इथे गाडी उलटी फिरते, पाणी भूकंपाला नाही तर भूकंप पाण्याला हलवतो. लाटा जाताना खडकातल्या भेगा क्षणभर दबतात-उघडतात, पाणी वर-खाली होतं, तळाचा गाळ ढवळला जातो. हजारो किलोमीटर लांबच्या भूकंपाने विहिरीतलं पाणी हललेलं यंत्रांनी टिपलंय. भुजच्या वेळी कच्छच्या रणात जमिनीतून पाणी आणि वाळू कारंज्यासारखी उसळली होती. नंतर झालं असेल तर त्यात काही आश्चर्य नाही. 'आधी' झालं असं वाटत असेल तर तेवढ्याने लक्षण ठरत नाही, रोज त्याच वेळी पाणी कुठल्या पायरीला आहे ते खडूने लिहीत जा, असं आजोबांना सांगितलं. ते म्हणाले पायऱ्या नाहीत, रहाट आहे. मग दोर मोजा म्हटलं. हल्ली अधूनमधून फोन करून दोर किती वाव गेला ते सांगतात.